लहान धरणासाठी पुराचा येवा कसा काढायचा: एका नाल्याचं उदाहरण, आकड्यांसकट

लघु पाटबंधारे तलावांच्या अंदाजपत्रकात पुराचा हिशोब बऱ्याचदा एकाच ओळीत उरकलेला असतो. इंग्लिसच्या सूत्रानुसार विसर्ग (सेकंदाला वाहणारं पाणी) अमुक, म्हणून सांडव्याची (जादा पाणी बाहेर काढणाऱ्या वाटेची) लांबी तमुक मीटर, पुढचं पान. सूत्र वाईट नाही. पण क्लॉड इंग्लिस यांनी ते बसवलं मुंबई इलाख्यातल्या, सह्याद्रीतून निघणाऱ्या पंख्यासारख्या पाणलोटांच्या पुरांवरून. त्यात क्षेत्रफळ सोडलं तर दुसरं काहीच घालावं लागत नाही. पाऊस किती, उतार किती, जमीन कसली, पूर किती वर्षांत एकदा येणारा, याचा पत्ताच नाही. त्यामुळे भोरजवळचा ओढा आणि माणदेशातला ओढा, क्षेत्र सारखं असेल तर दोघांना एकच आकडा मिळतो.

माझं म्हणणं असं की पुराचा आकडा खरा ठरतो तो दोन ठिकाणी: २४ तासांचा संकल्पित पाऊस (धरण ज्याला पुरं पडायला हवं तो) आणि पाणी धरणाच्या जागी गोळा व्हायला लागणारा वेळ. या दोन गोष्टी नीट काढल्या तर पुढची आकडेमोड कुणीही करील. आणि इंग्लिसचं सूत्र टाकून द्यायचं नाही, ते शेवटी पडताळ्यासाठी वापरायचं.

उदाहरणासाठी एक काल्पनिक नाला घेऊ. अवर्षणप्रवण पठार, पाणलोट क्षेत्र १२ चौ. किमी, मुख्य नाल्याची लांबी ६.५ किमी, वरच्या टोकापासून धरणाच्या जागेपर्यंत ११० मीटर उतार. वर मुरमाड पडीक, खाली काळी जमीन. मातीचं धरण ११ मीटर उंच, साठा ०.८ दलघमी (दशलक्ष घनमीटर), पूर्ण संचय पातळीला, म्हणजे तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून पाणी सुटण्याच्या बेताला, पाण्याचा पसारा १८ हेक्टर.

आधी ठरवा, किती वर्षांचा पूर

भारतीय मानक ११२२३ (१९८५) मध्ये धरणांचे तीन वर्ग आहेत. एकूण साठा ०.५ ते १० दलघमी आणि पाण्याची स्थिर उंची ७.५ ते १२ मीटर असेल तर धरण लहान, आणि त्याला १०० वर्षांतून एकदा येणारा पूर. १० ते ६० दलघमी किंवा १२ ते ३० मीटर असेल तर मध्यम, त्याला प्रमाण प्रकल्प पूर (त्या भागात अपेक्षित असलेल्या सर्वात तीव्र पावसाचा). त्याच्या वर मोठं धरण, तिथे महत्तम संभाव्य पूर (निसर्गात शक्य असलेला सर्वात मोठा). साठा आणि उंची यांपैकी ज्यामुळे वरचा वर्ग लागतो तो धरायचा. आपलं उदाहरण लहान वर्गात बसतं.

'१०० वर्षांचा पूर' हे ऐकायला फार दूरचं वाटतं. तो कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते. धरणाचं आयुष्य ५० वर्षं धरलं तर त्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता १ वजा ०.९९ चा ५० वा घात, म्हणजे ३९.५ टक्के. म्हणून खाली लगेच वस्ती असेल तर वर्ग लहान असला तरी वरचा पूर घ्या, मानकातही त्याला वाव आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची वाडी वाहून गेली. त्या फुटण्याची कारणं हा वेगळा विषय आहे, पण धरणाच्या आकारावरून खालच्या माणसांचा धोका मोजता येत नाही एवढं त्यातून दिसतं. शिवाय २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतातच, पण १० ते १५ मीटर उंचीची धरणंही साठा १० लाख घनमीटर किंवा माथ्याची लांबी ५०० मीटर भरली की त्यात येतात. आपला साठा थोडक्यात बाहेर राहतो, पण बांधाची लांबी मोजून पाहा.

पाणलोटाची रेषा

टोपोशीटवर (उंचीच्या रेषा असलेल्या नकाशावर) किंवा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीच्या डेटावरून रेषा काढणं आता सोपं झालंय. चूक होते ती धरणाचा बिंदू नाल्याच्या शेजारच्या चौकोनात पडल्यामुळे, आणि मग १२ चौ. किमीऐवजी ०.०३ चौ. किमी क्षेत्र येतं. ही चूक तरी लगेच दिसते. न दिसणारी चूक म्हणजे मध्ये आलेला रस्ता किंवा कालवा. कालव्याच्या भरावामुळे वरच्या दोन ओहोळांचं पाणी शेजारच्या नाल्यात वळलेलं असतं, किंवा उलट तिकडचं इकडे आलेलं असतं. नकाशात ते कळत नाही. पावसाळ्यात एकदा रेषेवरून फिरून या, आणि गावातल्या गुराख्याला सोबत घ्या. कोणत्या खोऱ्याचं पाणी कुठे जातं हे त्याला पाठ असतं.

पाऊस: इथेच निम्मा निकाल लागतो

जवळच्या पर्जन्यमापकाचा किमान ३० वर्षांचा रोजचा पाऊस मिळवा. प्रत्येक वर्षातला सर्वात मोठा एक दिवसाचा पाऊस वेगळा काढा. समजा या ३० आकड्यांची सरासरी ८२ मिमी आणि प्रमाण विचलन ३२ मिमी आली. जुन्या नोंदींवरून विरळा पाऊस काढायच्या गम्बेल पद्धतीत १०० वर्षांसाठी वाय हा आकडा ४.६०० असतो. ३० वर्षांच्या नोंदीसाठी तक्त्यातून वायएन ०.५३६२ आणि एसएन १.११२४ हे आकडे मिळतात.

गुणक = (४.६०० − ०.५३६२) ÷ १.११२४ = ३.६५
१०० वर्षांचा एक दिवसाचा पाऊस = ८२ + ३.६५ × ३२ = सुमारे १९९ मिमी

पुष्कळ जण इथे नोंद अनंत वर्षांची असल्यासारखा ३.१४ हा गुणक वापरतात. मग आकडा १८२ वर येतो, १७ मिमी कमी. नोंद जितकी तोकडी तितका गुणक मोठा असतो, हे विसरू नका.

आणखी एक दुरुस्ती. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचला जातो. पहाटे सुरू झालेला पाऊस दोन दिवसांच्या नोंदीत फाटून जातो. म्हणून कोणत्याही सलग २४ तासांचा पाऊस काढताना १.१५ ने गुणायचं: १९९ × १.१५ = २२९ मिमी. एवढ्या लहान पाणलोटाला क्षेत्रामुळे कपात करायची गरज नाही.

नोंदीत एखाद्या वर्षाचा सर्वात मोठा एक दिवसाचा पाऊस इतरांच्या दुप्पट-तिप्पट दिसला तर 'चुकीचा असेल' म्हणून खोडू नका. जवळच्या केंद्रांच्या त्याच तारखेच्या नोंदी बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. असा आकडा पानावर दिसला तर कुणालाही आधी शंकाच येईल, पण तो खरा होता.

केंद्र कोणतं निवडलं याला सह्याद्रीच्या आसपास फार महत्त्व आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवर वाईला हजाराच्याही आत. तालुक्याच्या गावचा पर्जन्यमापक तुमच्या पाणलोटाचा पाऊस सांगतोच असं नाही. केंद्रीय जल आयोगाच्या पूर अनुमान अहवालांत २५, ५० आणि १०० वर्षांच्या २४ तासांच्या पावसाचे समपर्जन्य नकाशे (सारख्या पावसाच्या रेषांचे) आहेत. ऊर्ध्व गोदावरीसाठी उपक्षेत्र ३-ई, कृष्णा-पेन्नारसाठी ३-एच, कोकणासाठी ५-ए आणि ५-बी. तुमचा २२९ चा आकडा त्या नकाशाशी ताडून पाहा आणि दोन्हींत मोठा असेल तो घ्या. त्याच अहवालांतली एकक जलालेखाची (एक सेंटीमीटर वाहत्या पाण्याचा विसर्ग वेळेनुसार कसा चढतो-उतरतो याच्या आलेखाची) समीकरणं मात्र २५ चौ. किमीच्या वरच्या पाणलोटांसाठी आहेत, आपल्या १२ ला ती ताणून लावू नका.

पाणी किती वेळात गोळा होतं

पाणलोटाच्या सर्वात लांबच्या टोकावरचं पाणी धरणापर्यंत पोचायला लागणारा वेळ, म्हणजे संकेंद्रण काळ. इंजिनिअर मंडळी त्याला 'टीसी' म्हणतात. किरपिचचं सूत्र:

मिनिटं = ०.०१९४७ × (लांबी मीटरमध्ये)^०.७७ × (उतार)^−०.३८५

सरधोपट पद्धतीने उतार ११० ÷ ६,५०० = ०.०१६९ घेतला तर उत्तर ८१ मिनिटं. पण आपल्या बेसाल्टच्या मुलखात उतार असा सरळ कुठे असतो? वरच्या कड्यावरून पहिल्या ५०० मीटरातच ६० मीटर उतरतं, आणि उरलेल्या ६ किमीत फक्त ५० मीटर. दोन तुकडे वेगळे केले तर कड्याला ५ मिनिटं, खालच्या पठाराला १०० मिनिटं, एकूण १०५. म्हणजे १.७५ तास. किरपिचचं सूत्र तुकड्यांत लावणं काटेकोर नाही हे मला मान्य आहे, पण कड्याचा उतार साऱ्या नाल्याला वाटून देण्यापेक्षा ते वास्तवाच्या जवळ जातं.

याचा परिणाम बघा. २४ तासांच्या पावसातून कमी वेळाचा पाऊस काढायला पठारावर हवामान खात्याचा एक-तृतीयांश घाताचा नियम चालतो:

कमी वेळाचा पाऊस = २४ तासांचा पाऊस × (तास ÷ २४)^(१/३)

१.७५ तासांत ९५.७ मिमी, म्हणजे ताशी ५४.७ मिमी. ८१ मिनिटं धरली असती तर ताशी ६५ मिमी. तोच पाऊस, तोच नाला, फक्त उतार मोजण्याची पद्धत बदलली आणि तीव्रता जवळपास पाचव्या हिश्शाने हलली. कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस तासन्‌तास लागून राहतो, तिथे या नियमाऐवजी जल आयोगाच्या उपक्षेत्र अहवालातली गुणोत्तरं वापरा.

आता तीन आकडे

इंग्लिस: विसर्ग = १२४ × १२ ÷ √(१२ + १०.४) = ३१४ घनमीटर प्रति सेकंद.

परिमेय पद्धत: विसर्ग = गुणांक × तीव्रता × क्षेत्र ÷ ३.६. गुणांक म्हणजे पावसातला वाहून जाणारा वाटा, तो ०.६५ घेतला तर ०.६५ × ५४.७ × १२ ÷ ३.६ = ११८.

डिकन्स: गुणांक × क्षेत्र^०.७५. बारा चौ. किमीला क्षेत्राचा भाग ६.४५ येतो. मध्य भारतासाठी गुणांक १४ ते २८ सांगितला जातो, म्हणजे ९० ते १८०. एवढा ऐसपैस पट्टा असेल तर तो वापरणाऱ्याच्या मनातलंच उत्तर देतो, म्हणून मी डिकन्सला फार विचारत नाही.

३१४ हा आकडा उलटा तपासून पाहा: ३१४ × ३.६ ÷ १२ = ९४. म्हणजे अख्ख्या १२ चौ. किमीवरून ताशी ९४ मिमी पाणी, थेंबही न मुरता, नाल्यात उतरायला हवं. आपल्या पावसाची तीव्रताच ५४.७ आहे. पठारावर इंग्लिस किती वर जातो ते या एका भागाकाराने दिसतं. जुन्या कागदांत हेच सूत्र ७,००० × क्षेत्र ÷ √(क्षेत्र + ४) असं दिसेल. तिथे क्षेत्र चौरस मैलात आणि विसर्ग क्युसेकमध्ये (घनफूट प्रति सेकंद) असतो, दोन्हींची सरमिसळ केली की आकडा कुठल्या कुठे जातो.

हंगामभरात तलावात किती पाणी येईल हे सांगणारे स्ट्रेंजचे तक्ते मात्र या कामाचे नाहीत. ते साठ्यासाठी, सांडव्यासाठी नव्हेत.

जलालेख काढल्याशिवाय पुढे जाऊ नका

वरच्या सूत्रांतून शिखर मिळतं, पण पुराचं एकूण पाणी मिळत नाही. लहान पाणलोटासाठी मला कर्व्ह नंबर (जमीन किती पाणी वाहू देते याचा, जास्तीत जास्त १०० असलेला आकडा) आणि त्रिकोणी एकक जलालेख पुरेसा वाटतो.

काळी जमीन, शेती आणि पडीक मिळून साधारण ओलाव्याला कर्व्ह नंबर ८५ धरला. पण १०० वर्षांचा पाऊस तलाव भरलेला असताना येईल असं आपण धरणार आहोत, आणि तलाव भरला असेल तर जमीनही भिजलेली असणारच. दोन गृहीतकं एकमेकांशी जुळली पाहिजेत. भिजलेल्या जमिनीसाठी नंबर = २३ × ८५ ÷ (१० + ०.१३ × ८५) = ९३. त्यावरून मुरण्याची क्षमता = २५,४०० ÷ ९३ − २५४ = १९.१ मिमी. सुरुवातीची घट तिच्या ०.२ पट, ३.८ मिमी.

अपधाव (न मुरता वाहून जाणारं पाणी) = (पाऊस − ३.८)² ÷ (पाऊस + १५.३)

तीन तासांचा पाऊस ११४.५ मिमी. त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे एक-तृतीयांश नियमानेच काढून सर्वात मोठा तुकडा चौथ्या जागी ठेवला:

| अर्धा तास | पाऊस, मिमी | एकूण पाऊस | एकूण अपधाव | या अर्ध्या तासाचा अपधाव |
|---|---|---|---|---|
| १ | ६.७५ | ६.७५ | ०.४ | ०.४ |
| २ | ९.१ | १५.८५ | ४.७ | ४.३ |
| ३ | १६.४ | ३२.२५ | १७.० | १२.४ |
| ४ | ६३.० | ९५.२५ | ७५.६ | ५८.६ |
| ५ | ११.५ | १०६.७५ | ८६.८ | ११.२ |
| ६ | ७.७५ | ११४.५ | ९४.४ | ७.६ |

त्रिकोणी जलालेखात शिखर यायला लागणारा वेळ = पावसाच्या तुकड्याचा निम्मा वेळ + टीसीच्या ०.६ पट = ०.५ ÷ २ + ०.६ × १.७५ = १.३ तास. एक सेंटीमीटर अपधावाचं शिखर = २.०८ × १२ ÷ १.३ = १९.२ घमी/से (घनमीटर प्रति सेकंद). त्रिकोणाचा पाया, म्हणजे एकूण काळ, २.६७ × १.३ = ३.४७ तास. पडताळा करा: अर्धा × १९.२ × ३.४७ × ३,६०० = जवळपास १,२०,००० घनमीटर, आणि १२ चौ. किमीवर एक सेंटीमीटर म्हणजेही तेवढंच. हा पडताळा जुळला नाही तर कुठेतरी एकक चुकलंय.

आता प्रत्येक तुकड्याचा त्रिकोण अर्ध्या अर्ध्या तासाने पुढे सरकवत एकावर एक बेरीज करायची. पाऊस सुरू झाल्यापासून सुमारे २.८ तासांनी बेरीज शिखरावर जाते: चौथ्या तुकड्यातून ११२.६, तिसऱ्यातून १८.३, पाचव्यातून १३.२, दुसऱ्यातून ४.४, सहाव्यातून ३.४, पहिल्यातून ०.२. एकूण १५२ घमी/से, म्हणजे सुमारे ५,४०० क्युसेक. पुराचं एकूण पाणी ९४.४ मिमी × १२ चौ. किमी = १.१३ दलघमी.

परिमेय पद्धतीचे ११८ आणि हे १५२ यांत फरक का? अपधाव ९४.४ भागिले ११४.५, म्हणजे ०.८२. परिमेय सूत्रात ०.६५ ऐवजी ०.८२ घातलं की १५० येतात. म्हणजे भांडण पद्धतींचं नाही, जमीन भिजलेली धरायची की नाही याचं आहे. मी संकल्पनासाठी १६० धरीन.

नाल्याला विचारा

कागदावरचा आकडा नाल्यात उभं राहून तपासता येतो. धरणाच्या वर किंवा खाली शंभर-दोनशे मीटर सरळ, एकसारखा पट्टा निवडा. बाभळीच्या फांद्यांत अडकलेला पाचोळा, फरशी पुलाच्या कठड्यावरची गाळाची रेघ, विहिरीच्या काठावर 'पाणी इथवर आलं होतं' असं दाखवणारं बोट, या खुणा लेव्हलने जोडा. समजा छेद ४५ चौ. मीटर, भिजलेला परीघ २७ मीटर, पाण्याचा उतार २५० ला १, आणि दगडगोटे-झुडपांचा मॅनिंग गुणांक (नाल्याच्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०४५. मग वेग साधारण २ मीटर प्रति सेकंद आणि विसर्ग ८९ घमी/से. गावाच्या आठवणीतला सर्वात मोठा पूर ८९ आणि आपला १०० वर्षांचा १५२, हे पटण्यासारखं आहे. खुणांवरून २०० आले असते तर आपला पाऊस किंवा टीसी चुकला असं समजून मागे जायला हवं होतं. उलट खुणांवरून ४० आले म्हणून १५२ कमी करायचे नाहीत. गावाच्या आठवणीत तो पूर अजून आलेला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

येव्यापासून सांडव्यापर्यंत

सांडव्याचं पाणी = गुणांक × लांबी × (पाण्याची उंची)^१.५. रुंद माथ्याच्या सांडव्याला गुणांक १.७. उंची १.५ मीटर धरली तर दर मीटर लांबीमागे ३.१२ घमी/से. १६० ला ५२ मीटर सांडवा लागतो.

इथे कुणीतरी म्हणतं, तलावात पाणी साठेल ना, मग बाहेर कमी जाईल. बरोबर. पूर्ण संचय पातळी आणि कमाल पूर पातळी (संकल्पित पुरात पाणी जिथवर चढेल ती) यांच्यामध्ये सरासरी २० हेक्टर × १.५ मीटर = ०.३ दलघमी जागा आहे. ढोबळ त्रिकोणी हिशोबात बाहेरचं शिखर = १५२ × (१ − ०.३ ÷ १.१३) = ११२, आणि सांडवा ३६ मीटर. लांबीत १६ मीटरची बचत! मी ती घेत नाही. हा ढोबळ हिशोब आहे, आणि एकापाठोपाठ दोन पूर आले तर ती जागा दुसऱ्या पुराला रिकामी मिळत नाही. बचत घ्यायचीच असेल तर अर्ध्या तासाच्या टप्प्याने रीतसर पूर मार्गक्रमण (आत आलेलं, साठलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी यांचा हिशोब) करा, सुरुवात पूर्ण संचय पातळीपासून.

आता इंग्लिसला परत बोलवू. ५२ मीटरच्या सांडव्यावरून ३१४ घमी/से जायला पाण्याची उंची २.३३ मीटर लागते, म्हणजे कमाल पूर पातळीच्या वर ०.८३ मीटर. मुक्तांतर (कमाल पूर पातळी आणि बांधाचा माथा यांतलं अंतर) १.५ मीटर ठेवलं असेल तर बांधाचा माथा अजून ०.६७ मीटर वर राहतो. मातीचा बांध माथ्यावरून पाणी गेलं की टिकत नाही, म्हणून मोठा पूर मुक्तांतरात सामावतो का हे बघायचं. गुजरातेत मोरबीजवळच्या मच्छू-२ धरणाचा सांडवा सुमारे ५,६६० घमी/से साठी होता. ११ ऑगस्ट १९७९ ला आलेला पूर त्याच्या दुपटीहून मोठा होता, पाणी मातीच्या बांधावरून गेलं आणि धरण फुटलं.

सांडव्याचा गुणांक १.७ कागदावर राहतो, जर पुच्छ कालवा (सांडव्याचं पाणी पुढे नाल्यात नेणारा) तेवढा विसर्ग वाहून नेणारा नसेल. मुरमात खोदलेला अरुंद कालवा मागे पाणी तुंबवतो आणि सांडवा बुडीत चालतो. पुच्छ कालव्याचा छेद फक्त १६० साठी नव्हे, ३१४ साठीही तपासा.

शेवटची एक बेरीज वरच्या बाजूची. पाणलोटात एखादा पाझर तलाव असेल तर तो फुटला तर काय, हे विचारा. एक लाख घनमीटरचा तलाव अर्ध्या तासात रिकामा झाला, तर त्रिकोणी हिशोबाने शिखर २ × १,००,००० ÷ १,८०० = १११ घमी/से. आपल्या १५२ वर तो नेमका शिखराच्या वेळी आला तर २६३. मुक्तांतर ३१४ ला तपासलेलं असल्यामुळे तेही बांधाच्या माथ्याखालून निघून जातं.